'गॉन ऑफ' म्हणजे वासना उडाली

"आय हॅव गॉन ऑफ माय फूड, लव्ह," असं म्हणत आजोबांनी ताट माझ्याकडे सरकवलं. ताटात खिमा घालून भाजलेला बटाटा होता, वाटाणे होते आणि एका वाटीत कस्टर्ड. कशालाच चमचा लागलेला नव्हता.

इंग्लंडला येऊन मला तेव्हा जेमतेम तीन आठवडे झाले होते. यॉर्कशायरमधल्या एका रुग्णालयात, वयस्कर माणसांच्या वॉर्डात माझी नेमणूक होती. 'गॉन ऑफ' मला माहीत होतं, कारण स्टाफरूमच्या फ्रिजवर कुणीतरी चिठ्ठी लावली होती: दूध गॉन ऑफ, टाकून द्या. म्हणजे नासलेलं. मी वाकून ताटाचा वास घेतला. वास तर ठीक होता. तरी आजोबांची माफी मागितली, ताट उचललं आणि स्वयंपाकघरातून दुसरं गरम ताट आणून ठेवलं. त्यांनी माझ्याकडे बघून मान हलवली. दुसऱ्या ताटालाही हात लावला नाही.

संध्याकाळी हँडओव्हर, म्हणजे पुढच्या पाळीला पेशंटची माहिती देताना मी सांगितलं, की सहा नंबरच्या आजोबांची जेवणाबद्दल तक्रार आहे. वॉर्डच्या सिस्टरनं विचारलं, ते नेमकं काय म्हणाले? मी ते वाक्य जसंच्या तसं म्हणून दाखवलं. तिनं पेन खाली ठेवलं. "ते म्हणतायत की त्यांना जेवणच नकोसं झालंय. कधीपासून?" कधीपासून ते मी विचारलंच नव्हतं. तक्ता काढून पाहिला तर दोन दिवसांत पोटात फक्त चहा आणि अर्धं बिस्कीट गेलेलं. छातीच्या संसर्गासाठी त्यांना अँटिबायोटिक चालू होतं. सिस्टरनं टॉर्च मारून तोंडात पाहिलं, तर जीभ आणि गाल आतून पांढरे झालेले. अँटिबायोटिकमुळे तोंडात बुरशी वाढली होती. गिळताना आग होत असणार, म्हणून माणूस जेवत नव्हता.

औषध लगेच सुरू झालं. मला कुणी रागावलं नाही. पण त्या रात्री खोलीवर आल्यावर मला झोप लागली नाही. माणसानं स्वतःच्या तोंडानं दुखणं सांगितलं होतं. ऐकणारी मी होते आणि ते माझ्यापर्यंत पोचलंच नव्हतं.

मी सांगली जिल्ह्यातली, मराठी माध्यमातली. आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून असायचं. पहिलीपासून ते २०००मध्ये सुरू झालं, म्हणजे आमची बॅच त्यातून सुटली. शाळेत शब्दार्थ पाठ करायचे, त्यामुळे माझ्याजवळ जे शब्द होते ते सगळे भारदस्त. टॉलरेट, पोस्टपोन, एक्स्टिंग्विश, व्हॉमिट. नर्सिंगच्या पुस्तकांनी त्यात आणखी भर घातली. मिरजेत सात वर्षं काम केलं, तिथं पेशंटशी बोलणं मराठीत, नाहीतर कर्नाटकातून आलेल्यांशी मोडक्यातोडक्या कन्नडमध्ये. इंग्रजी फक्त केसपेपरवर. नंतर ओईटीची, म्हणजे आरोग्यसेवेत काम करणाऱ्यांसाठी असलेली इंग्रजीची परीक्षा दिली. इथल्या नर्सिंग कौन्सिलला ऐकणं, वाचणं, बोलणं या तिन्हींत बी आणि लेखनात सी प्लस लागतं. ते मिळवलं तेव्हा मला वाटलं होतं की इंग्रजीचं काम झालं.

परीक्षेतलं इंग्रजी खोटं नव्हतं. ते डॉक्टर-नर्सनी आपापसात बोलायचं इंग्रजी होतं. पण ऐंशी वर्षांची, आयुष्यभर गिरणीत नाहीतर खाणीत काम केलेली माणसं तसं बोलत नाहीत. त्यांना उलटी झाली की ती 'थ्रो अप' करतात किंवा नाश्ता 'ब्रिंग अप' करतात. काही पोटात ठरत नसेल तर 'कान्ट कीप एनीथिंग डाउन'. गुडघा 'प्लेइंग अप' असतो. चक्कर आल्यासारखं झालं की 'आय केम ओव्हर ऑल फनी'. गो, कम, ब्रिंग, कीप, प्ले, सगळे पाचवीतले शब्द. त्यांच्या शेपटीला अप, डाउन, ऑफ, ओव्हर यांतलं एखादं लागलं की सुट्या शब्दांचा अर्थ उपयोगी पडत नाही. यांना फ्रेजल व्हर्ब म्हणतात हे मला क्लासमुळे माहीत होतं. एका पानावर त्यांची यादी होती आणि परीक्षेत ती फार येत नाहीत म्हणून आम्ही ते पान उलटलं होतं.

आजोबांच्या प्रसंगानंतर मी ते पान शोधून काढलं. मग इंटरनेटवरून मोठी यादी उतरवली आणि पाठांतराला बसले. गेट अप, गेट इन, गेट ऑन, गेट ओव्हर, गेट बाय, गेट अवे. चार दिवसांत साठ झाले आणि पाचव्या दिवशी सगळ्यांची खिचडी झाली. एकाच क्रियापदाची दहा रूपं एकाखाली एक लिहिली की ती एकमेकांना पुसतात. असं पाठांतर कुणी सुचवलं तर मी आजही नको म्हणेन.

त्याच आठवड्यात एका रात्रपाळीला पलीकडून आवाज आला, "बे थ्रीचा पंप गोइंग ऑफ!" माझ्या डोक्यात ऑफ म्हणजे बंद. सलाइनचा पंप बंद पडतोय असं समजून मी जादाची वायर घेऊन धावले. पंप नीट चालू होता आणि कर्कश वाजत होता. बाटली संपत आली होती, म्हणून अलार्म. अलार्म 'गो ऑफ' होतो म्हणजे वाजायला लागतो. दिवे 'गो ऑफ' होतात म्हणजे विझतात. दूध होतं म्हणजे नासतं. आणि माणूस दुधावरून 'गो ऑफ' झाला तर दूध चांगलंच असतं, माणसाला ते नकोसं झालेलं असतं. चार ठिकाणी तेच दोन शब्द.

माझ्याबरोबर केरळची एक नर्स होती, माझ्याआधी दोन वर्षं आलेली. ती म्हणाली, "ऑफचा अर्थ विचारू नकोस. कशाबद्दल बोलणं चाललंय ते विचार." सल्ला खरा होता, पण त्यातली गोम मला कळली ती आईमुळे.

रविवारी सकाळी घरी फोन लावला होता. आई माझ्याशी बोलता बोलता मागं वळून भाच्याला ओरडली, "दूध पिऊन टाक बघू आधी!" आणि मला इथल्या एका नर्सचं वाक्य आठवलं. गोळ्या दिल्यावर ती पेशंटला पाणी देऊन म्हणायची, "ड्रिंक अप!" पिऊन टाक. भाचा दूध कुठंही टाकणार नव्हता आणि पेशंटचं पाणीही वर जाणार नव्हतं. 'टाक'नं जे काम केलं तेच 'अप'नं केलं होतं: पूर्ण संपव, मागं ठेवू नकोस.

मी आईला म्हटलं, जरा थांब, आणि समोरच्या पाकिटावर भराभर लिहायला लागले. राइट डाउन, लिहून घे. सिट अप, उठून बस. गो अवे, निघून जा. गिव्ह अप, सोडून दे. यात तर इंग्रजीतही देणं आणि मराठीतही देणं, आणि दोन्हीकडे कुणी कुणाला काही देत नाही. लहानपणापासून आपण हेच करत आलोय. करून टाकला, करून घेतला, करून दिला, करून बसला. एकच 'करून', पण 'तो व्यवहार करून बसला' म्हटलं की ऐकणाऱ्याला कळतं, पस्तावलाय. बसण्याचा पस्ताव्याशी काय संबंध, हे कुठल्या मराठी मुलाला कधी समजावून सांगावं लागलंय? त्यानं ते पूर्ण वाक्यात, घरात, कुणाच्या तरी रागावण्यात ऐकलेलं असतं.

केरळच्या मैत्रिणीला हे सांगितलं तेव्हा ती हसली. म्हणाली, आमच्या मल्याळमतही आहे की! त्यांच्याकडेही फेकून देणं या अर्थाचं क्रियापद दुसऱ्या क्रियापदामागे लागतं आणि काम उरकल्याचं सांगतं. आम्ही दोघी ब्रेकमध्ये बसून एकमेकींना वाक्यं ऐकवत राहिलो.

पुढं एकदा वाचनात आलं, की सॅम्युअल जॉन्सन यांनी १७५५ साली आपल्या इंग्रजी शब्दकोशाच्या प्रस्तावनेत नेमकी हीच गोष्ट नोंदवली आहे: क्रियापदाला छोटा शब्द जोडून अर्थ बदलायची रीत इंग्रजीत फार आहे आणि परक्यांना सगळ्यात जास्त अडचण तिचीच होते. जवळजवळ पावणेतीनशे वर्षांपूर्वी कुणीतरी माझी अडचण लिहून ठेवली होती, याचा मला फार आधार वाटला.

मग मी नवी वही केली. खिशात मावेल एवढी. यादी करायची नाही हे ठरवलं. पेशंट जे वाक्य बोलला ते पूर्ण लिहायचं, तो तेव्हा काय करत होता ते लिहायचं, आणि खाली माझी आजी त्या जागी काय म्हणाली असती ते. शब्दाला शब्द शोधायचा नाही. हा आजीचा नियम मला सगळ्यात उपयोगी पडला.

'आय केम ओव्हर ऑल फनी.' बाथरूममधून येताना भिंतीला धरून उभ्या राहिलेल्या बाई. आजी म्हणाली असती, "मला कसंतरीच व्हायला लागलंय." हे सुचलं तेव्हा मला वाक्यातली घाई कळली. कसंतरीच होतंय म्हटल्यावर आपण आधी माणसाला धरून बसवतो, मग प्रश्न विचारतो. मीही तेच केलं. बसवलं, रक्तदाब घेतला, तो खाली आला होता.

'माय नी इज प्लेइंग अप.' गुडघ्याच्या दुखण्यानं पुन्हा डोकं वर काढलंय. म्हणजे दुखणं जुनंच आहे, अधूनमधून उठणारं. काल पडून झालेल्या दुखापतीला कुणी 'प्लेइंग अप' म्हणत नाही. हा फरक नर्सच्या कामाचा आहे.

'आय मस्ट हॅव नॉडेड ऑफ.' जरा डोळा लागला वाटतं. 'द इंजेक्शन इज वेअरिंग ऑफ.' इंजेक्शनचा असर उतरत चाललाय. 'ही इज कमिंग राउंड.' शुद्धीवर येतोय. इथंही त्यांच्याकडे येणं, आपल्याकडेही येणं. 'शी पुल्ड थ्रू.' निभावली बाई.

आणि पहिल्या पानावर, सगळ्यात वर, ते वाक्य. त्याखाली बरेच दिवस मी 'भूक नाही' एवढंच लिहून ठेवलं होतं आणि ते मला पटत नव्हतं. भूक नसणं वेगळं. मग एका दुपारी आजीचाच आवाज कानात आला, तापातून उठल्यावरचा: "अन्नावरची वासनाच उडालीय गं." उडालीय. आधी होती, आता त्या पदार्थावरून सुटून गेली. ऑफ म्हणजे हे सुटणंच. माझ्या भाषेत ते वाक्य सगळंच्या सगळं तयार होतं आणि मी त्या दिवशी ताटाचा वास घेत बसले होते.

वही भरत गेली तसं छोट्या शब्दांचाही थोडा अंदाज यायला लागला. 'अप' पुष्कळदा काम पुरं झाल्याचं सांगतं, 'ऑफ' सुटण्याचं, तुटण्याचं. पण या अंदाजावर फार विसंबू नये. अर्ज 'फिल इन' केला काय आणि 'फिल आउट' केला काय, अर्ज भरलाच जातो. आत आणि बाहेर दोन्हींचा अर्थ एक. अशा ठिकाणी कारण शोधण्यात वेळ घालवू नये, वाक्य लिहून पुढं जावं.

बोलायला लागल्यावर वेगळीच अडचण आली, शब्द कुठं ठेवायचा याची. पेशंटचा मोजा काढायचा होता. मी म्हटलं, "आय विल टेक ऑफ इट." बाईंना समजलं, पण त्या क्षणभर थांबल्या. 'टेक ऑफ युवर सॉक' चालतं, 'टेक युवर सॉक ऑफ'ही चालतं, पण 'इट' आलं की ते मधेच बसलं पाहिजे: 'टेक इट ऑफ'. पुट इट ऑन, पिक देम अप, राइट इट डाउन. मग ही सवय लागल्यावर मी एकदा म्हटलं, "आय विल लुक यू आफ्टर," आणि तेही चुकलं, कारण 'लुक आफ्टर' फुटत नाही. कुठलं फुटतं आणि कुठलं नाही हे मी कानानं शिकले. 'टेक इट ऑफ' म्हणताना जोर शेवटच्या 'ऑफ'वर येतो. 'लुक आफ्टर हर' म्हणताना तो 'लुक'वर असतो, 'आफ्टर' मऊ जातं. छोट्या शब्दावर जोर ऐकू आला की बहुतेक वेळा तो सुटा होऊ शकतो. हे मला पुस्तकानं सांगितलं असतं तर लक्षात राहिलं नसतं. वॉर्डात दिवसातून शंभरदा ऐकून राहिलं.

एक खोड मात्र आपल्या मराठीतून आलेली होती. आपण 'लाइट ऑफ कर', 'फॅन ऑन कर' म्हणतो. चेकअप करून घेतो, फॉलोअपला जातो, गाडीचा पिकअप बघतो. इंग्रजीची ही शेपटीवाली रूपं आपल्या घरात केव्हाच शिरलीत, फक्त मराठीत क्रियापदाचं काम 'कर' करतं. म्हणून इंग्रजी बोलताना माझ्या तोंडून "ऑफ द लाइट" निघायचं. 'टर्न'ची किंवा 'स्विच'ची जागा रिकामीच राहायची. हे लक्षात आल्यावर दुरुस्त करायला फार वेळ लागला नाही.

'पास आउट'नं मात्र चांगलाच गोंधळ केला होता. नव्या सहकारी मंडळींत ओळख करून देताना मी सांगितलं, "आय पास्ड आउट इन २०११." समोरची मुलगी काळजीनं म्हणाली, "अरे देवा, काय झालं होतं?" इथल्या रोजच्या बोलण्यात पास आउट म्हणजे बेशुद्ध पडणं. शिक्षण पुरं झालं असं सांगायचं तर 'क्वालिफाइड' म्हणायचं. आपला अर्थ मुळात चुकीचा नाही. लष्करात तो आजही आहे, खडकवासल्याच्या एनडीएतल्या संचलनाला पासिंग आउट परेडच म्हणतात. पण रुग्णालयात हा शब्द जपूनच वापरावा लागतो. पेशंट 'पास्ड आउट' म्हणाला तर डोक्याला मार लागलाय का, किती वेळ शुद्ध नव्हती, हे सगळं विचारावं लागतं.

बोलायचं एक आणि लिहायचं एक, हेही हळूहळू अंगवळणी पडलं. पेशंट 'थ्रो अप' म्हणतो, मी कागदावर 'व्हॉमिटेड' लिहिते. शाळेत पाठ केलेले ते भारदस्त शब्द वाया गेले नाहीत, त्यांची जागा फाइलमध्ये आहे. आपणही 'उलटी झाली' म्हणतो आणि आयुर्वेदाच्या ग्रंथात 'वमन' वाचतो.

मृत्यूच्या बाबतीत तर हे फार जपावं लागतं. आम्हाला शिकवलंय, की घरच्यांना सांगताना 'डाइड' असं स्पष्ट सांगा, आडवळणाचा शब्द वापरू नका, कारण त्या घडीला माणसाला आडवळण कळत नाही. एका पहाटे एका बाईंच्या मुलीला मी फोनवर तसंच सांगितलं. पलीकडे बराच वेळ काही आवाज नव्हता. मग ती म्हणाली, "सो शी जस्ट स्लिप्ड अवे." तिनं विचारलं नव्हतं, ती स्वतःला सांगत होती. झोपेतच गेली, त्रास न होता. मला ते लगेच कळलं, मनात मराठी करावं लागलं नाही. मी म्हणाले, "येस. शी स्लिप्ड अवे. आय वॉज विथ हर." तो शब्द तिचा होता, म्हणून मी तो वापरला.

सहा नंबरच्या आजोबांचं सांगायचं राहिलं. तोंडातली बुरशी आठवड्याभरात गेली. मी रोज जेवणाच्या वेळी त्यांच्याजवळ थांबायचे. कधी दोन चमचे सूप, कधी अर्धी वाटी दही, जे जाईल ते तक्त्यावर मांडायचे. घरी जायच्या आदल्या दिवशी दुपारी ताटं गोळा करायला गेले, तर त्यांनी कस्टर्डची वाटी हातात धरून माझ्यासमोर उलटी केली. थेंब पडला नाही.

"आय पॉलिश्ड ऑफ द लॉट!"

हे नवीन होतं. मी कुणाला काही विचारलं नाही. तक्त्यावर 'पूर्ण जेवले' अशी खूण केली, खिशातली वही काढली आणि त्यांच्या वाक्याखाली लिहिलं: सगळ्याचा फडशा पाडला.